उत्तरेची खिडकी

स्वयंपाकघराच्या खिडकीत नातवाचा फोटो टेकवून कुमुदिनीबाई त्यावरून मीठ-मोहरीची मूठ ओवाळत होत्या. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत निहारला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं आणि लेकीचा फोन अजून आला नव्हता.

“अगं, अमेरिका पश्चिमेला आणि ही खिडकी उत्तरेला,” अप्पा दारातून खेकसले. “तुझी दृष्ट रशियात जाईल!”

“गॅस इथे आहे म्हणून इथे उभी आहे. एवढं कळतंय तर तिकडची वाट तुम्हीच मोजा की!”

अप्पांना असल्या प्रकारांचा मनापासून तिटकारा होता. पण बायकोला खोटं पाडण्यात तरी थोडा वेळ गेला असता. निहार मागच्या सुट्टीत विसरून गेलेला पृथ्वीगोल त्यांनी कपाटावरून काढला आणि तिच्या शिवणाच्या डब्यातून दोरा घेतला. एक टोक मुंबईवर दाबून धरलं, दुसरं युरोपवरून, अटलांटिकवरून सॅन फ्रान्सिस्कोला नेलं आणि दोरा ताणला.

ताणताच तो सरकत सरकत वर गेला आणि उत्तर ध्रुवाला खेटून बसला. त्यांनी पुन्हा लावून पाहिला. पुन्हा तसंच. जवळची वाट उत्तरेचीच होती, तीही रशियावरून.

अप्पा त्या दोऱ्याकडे बघत राहिले. मग उठून स्वयंपाकघरात आले. खिडकीचं अर्धवट लोटलेलं दार त्यांनी सताड उघडलं आणि मिठाची बरणी बायकोपुढे धरली.

“अजून थोडं घे,” ते म्हणाले. “लांब जायचंय त्याला.”