रोजच्यासारखी संध्याकाळ

सहाला पाच मिनिटं असताना नियंत्रण कक्षातले काका तिच्या खुर्चीशी वाकले आणि हळूच म्हणाले, "सकाळी तुझे बाबा दिसले. बरोबर कोळसा केंद्रातले बॉयलरवाले तीस-चाळीस जण. घरोघर फिरत होते."

ती गर्रकन वळली. "काय सांगत होते लोकांना?"

"मला बघून सगळे गप्प झाले."

समोरच्या पडद्यावर शहराला लागणारी वीज एका हिरव्या रेषेत सरकत होती. मागे नगरपालिकेच्या वीज समितीचे पाच जण हाताची घडी घालून बसले होते. सहा वाजता जुनं कोळशाचं केंद्र शहरापासून तोडायचं आणि एक तास नुसत्या पवनचक्क्या आणि बॅटऱ्यांवर शहर चालवून दाखवायचं. दिवे टिकले, तर एक तारखेपासून कोळसा कायमचा बंद. दिवे गेले, तर तिची तीन वर्षांची योजना कपाटात, आणि नियोजन विभागातली तिची खुर्चीही बहुधा त्याच कपाटामागे.

अध्यक्षबाईंची अट एकच होती. "लोकांना कळता कामा नये. वापरतात तशी वीज वापरू देत. मला नाटक नको, रोजची संध्याकाळ हवी."

आणि घरी तोंड उघडलं होतं तिनंच. परवा रात्री जेवताना आईला सांगून बसली. आईच्या पोटात आजवर काही राहिलं नव्हतं, ते आताच कुठून राहणार! बाबांच्या कानावर गेलंच. बाबा त्या कोळशाच्या केंद्रात फोरमन, चौतीस वर्षं. योजना जाहीर झाली त्या दिवशी "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" एवढंच म्हणाले आणि मुलीशी बोलणं बंद केलं. त्याला चार महिने झाले. ती हाताच्या अंतरावर बसलेली असली तरी आईला म्हणायचे, "तिला म्हणावं, पाणी दे."

आता ते काय करणार, हे तिला लख्ख दिसत होतं. सहाच्या ठोक्याला हजार-दीड हजार घरांनी गीझर, इस्त्र्या, विजेच्या शेगड्या एकदम लावल्या की खेळ खलास. सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरची मावशी हसून म्हणाली होती, "होईल गं सगळं नीट." तो टोमणा होता, हे तिच्या आत्ता डोक्यात आलं.

समितीला सांगावं का? सांगायचं, तर गुप्तता आपणच मोडली हेही सांगावं लागणार. तिनं तो विचार झटकला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"तोडा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

काकांनी कळ दाबली. दिवे एकदा लुकलुकले आणि स्थिर झाले. तिनं पडद्यावर डोळे लावले. या वेळी शहराला बेचाळीस मेगावॉट लागतात. आता रेष उसळेल. आता.

रेष उसळली नाही. उलट खाली आली. चाळीस. एकोणचाळीस. अडतीस.

"कमी कशी?" काकांनी चष्मा पुसला.

"उकाडा कमी आहे आज. पंखे बंद असतील."

"असतील बुवा."

सहा वीसला वारा पडला. पवनचक्क्यांची वीज निम्म्यावर आली आणि सगळा भार बॅटऱ्यांवर गेला. साठ टक्के. चाळीस. मागे कुणीतरी खोकलं, तर तीच दचकली. पावणेसातला बावीस टक्के उरले. बाबा कशाची वाट बघतायत? करायचं ते करून मोकळे का होत नाहीत?

सात वाजले. बॅटऱ्यांत चार टक्के शिल्लक होते आणि शहरातला एकही दिवा गेला नव्हता.

काकांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. "रोजच्याइतकी वीज लागली असती, तर सात वाजायच्या आतच बोंब होती."

"लागली नाही ना पण?" ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

अहवालाच्या शेवटी एक ओळ होती: चाचणीची माहिती बाहेर कोणालाही नव्हती. तिचं पेन त्या ओळीवर जरा थांबलं. पण ज्यांना माहिती होती त्यांनी तर काहीच केलं नव्हतं. मग कसलं काय? तिनं सही ठोकली. समितीनं तिथल्या तिथे हात वर केले, पाचच्या पाच. केंद्र बंद करण्याचा आदेश तासाभरात निघालासुद्धा.

ती घरी आली तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते, पाय गरम पाण्याच्या बादलीत. घोटे सुजलेले. आई शेजारी टॉवेल घेऊन उभी. ती ठरवून आली होती की काही बोलायचं नाही, पण राहवलं नाही.

"कळलं मला, सकाळभर दारोदार फिरलात ते. काही उपयोग झाला नाही, बाबा. शहर चाललं. एक तारखेपासून तुमचं केंद्र बंद."

बाबांनी मान हलवली. रागावलेले दिसले नाहीत. दमलेले दिसले.

"अहो, आता तरी बोला तिच्याशी," आई म्हणाली.

बाबांनी चार महिन्यांनी मुलीकडे सरळ बघितलं.

"चौतीस वर्षं धुराड्याचा धूर बघतोय मी. सहानंतर इथे वारा पडतो, रोज पडतो. तुझं गणित बसणारच नव्हतं. म्हणून दीड हजार घरांच्या पाया पडून आलो, म्हटलं, आज सहा ते सात दिवासुद्धा लावू नका, माझी पोर हरता कामा नये."