ढोलाआड

"तू सगळ्यांत जवळ होतास. हे शेवटी काय म्हणाले, तेवढं सांग."

काल प्रागच्या जुन्या चौकात राजाविरुद्ध उठलेल्या सरदारांची मुंडकी उडवली होती. मरणाऱ्याचा शब्द गर्दीपर्यंत पोचू नये, म्हणून वधाच्या चौथऱ्याला खेटून ढोल बडवत राहायचा हुकूम ढोलवाल्याला होता. एरवी बाजाराच्या दिवशी याच चौकात, याच ढोलावर हा ढोलवाला माणसं गोळा करायचा. आता त्यातल्या एका सरदाराची विधवा त्याच्या दारात उभी होती.

"ढोलापुढे काही ऐकू येतं होय, बाईसाहेब?"

"ह्यांचे ओठ हलले. तुझ्याकडे वळून बोलले. मी पाहिलंय."

ढोलवाल्याने मान खाली घातली. तिच्याकडे बघवेना, तेव्हा म्हणाला, "तुमचं नाव घेतलं त्यांनी."

तिचा चेहरा उजळला. "कुठलं?"

"म्हणजे?"

"चारचौघांत मला लुडमिला म्हणायचे. घरात मात्र दुसऱ्याच नावाने हाक मारायचे. त्यातलं कुठलं घेतलं?"

ढोलवाला दार लोटून घेऊ लागला. तिने ते हाताने अडवलं.

"खरं बोल."

"'थांब रे क्षणभर,' म्हणाले. 'बायको खाली उभी आहे. तिला एकदा हाक मारू दे.'"

मग तू काय केलंस, हे तिने विचारलं नाही. ती चौकातच होती. ढोल एकदाही थांबला नव्हता.