उघडा पत्रा

बाबांनी गाडीचा जुना रंग आणि गंज घासून सगळा पत्रा उघडा केला होता. प्रायमर मारायच्या आधीच ते गॅरेजमध्ये कोसळले. उरलेलं काम संपवायला त्यांचे भागीदार काका आज आले, आम्ही बंद गॅरेज उघडलं, तर गाडीच्या पुढच्या दारावर हाताचा अख्खा ठसा उमटला होता. घामेजलेला हात जिथे टेकला, तिथे गंज धरला होता.

"उघड्या पत्र्याला नुसता हात लावला की तुझा बाप आम्हाला शिव्या घालायचा," काका हसता हसता डोळे पुसत म्हणाले. "आणि स्वतःच विसरला बघ!"

"हा घासू नका, काका. आईला दाखवते."

"पत्रा खाईल गं तो गंज."

"खाऊ दे."

मी आईला हाक मारली. "आले, आले," ती घरातून म्हणाली. तेवढ्यात मला मागच्या दारावर दुसरा ठसा दिसला, पहिल्यापेक्षा खाली. डिकीजवळ तिसरा होता, चाकाच्या उंचीवर, बोटं फरफटलेली. तिन्ही घराच्या दिशेने गेले होते.

'एका क्षणात गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही,' असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या एका वाक्याच्या आधारावर आई झोपू शकते.

काकांनीही पाहिलं. त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा माझ्या हातात दिला. मी गॅरेजच्या दाराला आतून कडी लावली.

"आई, आत येऊ नकोस गं, फार धूळ उडतेय," मी म्हटलं आणि खालच्या ठशापासून घासायला बसले.