करदोडा

अमरावतीच्या दवाखान्यात भगवंतला ऑपरेशनसाठी आत नेताना नर्सनं त्याचा करदोडा कात्रीनं कापला आणि मनकर्णाबाईच्या हातात दिला.  नवरा मेल्यावर त्याला सरणावर ठेवताना करदोडा तोडतात.

हृदयविकाराच्या झटक्यानं भगवंतचं हृदय फाटलं होतं. टाके घालेपर्यंत डॉक्टर ते थांबवून ठेवणार होते.

"फेकून दे ना माय तो," लेक सागर म्हणाला.

"ते बाहेर येईपर्यंत मी बांधून ठेवतो," म्हणत तिनं तो स्वतःच्या मनगटाला गुंडाळून गाठ मारली. भातकुलीच्या मळ्यातल्या झेंडूचे हार करण्यात तिचा जन्म गेला होता. गाठ पक्की बसली.

थोड्या वेळानं दोरा ठोके देऊ लागला. आपलीच नाडी असेल म्हणून तिनं दुसरं मनगट चाचपलं. तिथली नाडी धावत होती. दोरा मात्र सावकाश ठोके देत होता.

दार उघडलं. "टाके बसले," डॉक्टर म्हणाले, "पण हृदय सुरू होत नाहीये. प्रयत्न चालू आहेत." ते तसेच आत गेले.

"सागर, सोड हा दोरा. त्यायचा ठोका त्यायले वापस देऊ दे."

सागरनं दोरा बोटांनी गोल चाचपला. पुन्हा चाचपला.

"माय, याले गाठच नाही."