खलाशाचं घर

बहारीनमध्ये, चौऱ्याण्णव साली, तुबलीच्या आमच्या फ्लॅटवर मी शुक्रवारी सकाळी इमारतीतल्या मराठी मुलांना जुन्या ग्रीक गोष्टी सांगत असे. ग्रीक गायक सांगत तशाच, पुस्तकाशिवाय, जमिनीवर काठीचा ठेका धरून. काठी थांबली की मुलांनी म्हणायचं, "आणि समुद्र वाट पाहत होता."

घरी निघालेल्या खलाशाची गोष्ट अर्धी राहिली, कारण माझी नात श्रावस्ती आजारी पडली. शेवट मी फक्त तिलाच सांगितला, हॉस्पिटलात, कानाशी वाकून. खलाशी पोचतो, आई दार उघडते. ती हसली. पहाटे गेली.

त्यानंतर एका शुक्रवारी मुलं पहिल्यांदाच जमली. माझ्या सुनेने, जागृतीने, आपल्या लेकीचीही चटई अंथरली होती.

मी खलाशाची गोष्ट पुढे सुरू केली आणि काठी थांबवली. एरवी इंग्रजीत उत्तरं देणारी मुलं एका सुरात मराठीत म्हणाली, "खलाशी दारात आला."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"श्रावस्तीने," शेजारचा अथर्व रिकाम्या चटईकडे बघत म्हणाला. "पण आजोबा, ती म्हणते तुमचं एंडिंग राँग आहे. तो दार वाजवत राहतो. आई उघडतच नाही."

जागृती ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"बाबा, मघापासून दार वाजतंय. कुणी उघडत का नाही?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.