काउंटरवरची दुनळी

विम्याचा साहेब शटर खाली ओढून कुलूप तपासत होता, तेव्हा दुकानदाराचं लक्ष काउंटरवर गेलं. सकाळी दुरुस्तीला आलेली दुनळी बंदूक तिथेच फडक्यावर पडली होती, आणि ती त्याने उघडून बघितलेली नव्हती.

असं कधी होत नसे. बंदूक दुकानात आली की आधी ती मधोमध दुमडायची, दोन्ही नळ्यांत डोकावायचं, मग गिऱ्हाइकाला या-बसा म्हणायचं. वडिलांनी लावलेली सवय. कारण माणसं थोर असतात. गेल्याच वर्षी एकाच्या नळीतून जिवंत काडतूस निघालं, तर तो पठ्ठ्या म्हणाला, अरे हो, राहिलंच की. पण आज गिऱ्हाईक बंदूक ठेवून, उघडायचा खटका घट्ट झालाय एवढं सांगून वळतंय तोच फोन वाजला. विम्याचे साहेब कोपऱ्यावर उभे होते, त्यांना दुकान सापडत नव्हतं. दुकानदार तसाच पळत सुटला.

पळणारच. सोमवारी परवान्याची मुदत संपत होती. विम्याचा कागद नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर सगळा माल पोलिसांकडे जमा आणि दुकानाला टाळं. एवढ्याशा दुकानाला परवडेल असा विमा शोधता शोधता बिचाऱ्याच्या चपला झिजल्या होत्या. बंदुकांचं दुकान म्हटलं की लोक फोनच ठेवायचे. एका कंपनीने तर हप्ता असा सांगितला, की त्यापेक्षा दुकान त्यांच्या नावावर करून देणं स्वस्त पडलं असतं. हा साहेब निदान बघायला तरी आला होता.

आणि आल्या आल्या त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. आत आलेली प्रत्येक बंदूक लगेच तपासता ना? दुकानदार छातीवर हात ठेवून हो म्हणाला. साहेबाने मान डोलावली आणि सहज सांगावं तसं सांगितलं, की मागे एका दुकानात भरलेली बंदूक सापडली, तिथल्या तिथे फाइल बंद केली. आता त्याला कुठलीच कंपनी दारात उभं करत नाही.

आता ही दुनळी साहेबाच्या देखत उघडायची कशी? आत काडतूस निघालं तर सगळं संपलंच, आणि रिकामी निघाली तरी 'मग लगेच तपासता म्हणालात ते काय' हा प्रश्न होताच. दुकानदाराने ठरवलं, बोलता बोलता उचलायची आणि कपाटात ठेवून कुलूप लावायचं. तो काउंटरकडे सरकला. पण साहेब शटर वर करून वळला तो थेट फडक्यापाशी, आणि त्याने बंदूक उचललीसुद्धा.

लहानपणापासून हौस होती म्हणे, एकदा हातात धरून बघायची. त्याने दस्ता खांद्याला लावला, एक डोळा मिटला. नळी भिंतीवरून फिरली, कपाटांवरून फिरली. तेवढ्यात आतल्या खोलीतून दुकानदाराची बायको चहा घेऊन आली. तिने ट्रे टेकवला आणि मान वर केली, तर नळी तिच्यावर येऊन थांबलेली.

"वहिनी, हात वर," साहेब म्हणाला.

ती हसली. काउंटरवर बंदूक आहे म्हणजे ती बघितलेली आहे, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. आणि हा माणूस आज खूश होऊन गेला पाहिजे, हेही. तिने लाडाने दोन्ही हात वर केले. साहेबाला आणखीच चेव आला. त्याचं बोट चापावर गेलं.

दुकानदाराला ते बोट दिसत होतं, दुसरं काही दिसत नव्हतं. ठेवा ती, मी बघितलेली नाही, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं की सोमवारी दुकान गेलं. झेप घेऊन नळी वर ढकलली असती तरी तेच झालं असतं. तो होता तिथेच उभा राहिला, आणि तोंडावर मघापासूनचं जे हसू होतं ते काही केल्या उतरेना. त्याला स्वतःची शिसारी आली. तरी तो हसतच राहिला.

"साहेब," शेवटी तो म्हणाला, "चहा गार होतोय."

साहेबाने तोंडानेच ठो केलं, बंदूक खाली ठेवली आणि कप उचलला. चहा पिताना त्याने वहिनींच्या खेळकरपणाचं तोंडभरून कौतुक केलं. अशी माणसं हल्ली कुठे भेटतात, म्हणाला. हप्ता खालच्या दराने बसवतो, सोमवारी सकाळी कागद हातात, अजिबात काळजी करू नका. दुकानदार त्याला पार गाडीपर्यंत सोडून आला.

परत आला तेव्हा बायको कप गोळा करत होती. माणूस जरा पोरकट आहे, पण मनाचा चांगला आहे, असं तिचं मत पडलं होतं. आज घरी लवकर जाऊ, असंही ती म्हणत होती. दुकानदाराने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने दुनळी उचलली, नळी भिंतीकडे केली आणि तो घट्ट झालेला खटका अंगठ्याने रेटला. दोनदा रेटावा लागला. मग बंदूक दुमडली. दोन्ही नळ्या मोकळ्या होत्या. तो स्टुलावर बसला.

"रिकामी आहे," त्याच्या तोंडून निघून गेलं.

बायकोने हातातले कप खाली ठेवले. तिने बंदुकीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"म्हणजे," ती म्हणाली, "हे तुम्हाला आत्ता कळलं."