घरचं नाव

मणक्याच्या ऑपरेशनमध्ये मध्येच पेशंटला थोडं जागं करून पायाची बोटं हलवायला सांगतात. हलली, की नसा शाबूत. त्या गुंगीत माणूस कागदावरच्या नावाला ओ देत नाही, म्हणून आमचे भूलतज्ज्ञ आधीच विचारून ठेवतात, "घरी काय म्हणून हाक मारतात?"

"हाक मारायला घरात आहे कोण?" मणक्याच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एक आजी म्हणाल्या. मग जरा लाजल्या. "आई भिंगरी म्हणायची. एका जागी ठरायचे नाही ना मी!"

ऑपरेशनच्या टेबलावर भूलतज्ज्ञांनी कानाशी वाकून "ए भिंगरी, बोटं हलव बघू" म्हटलं आणि दहाही बोटं हलली.

पुढचे दोन दिवस भेटीच्या वेळी आजींच्या खाटेजवळचं स्टूल शेजारच्या खाटेचे पाहुणेच उचलून नेत होते. तिसऱ्या दिवशी सर्जन आले. "आजी, बोटं हलवा." बोटं ढिम्म. पुन्हा सांगितलं, तरी ढिम्म. सर्जनच्या तोंडचं पाणी पळालं. "सिस्टर, भूलतज्ज्ञांना बोलवा!" मी धावले.

 

ते आले, आजींच्या कानाशी वाकून "ए भिंगरी…" एवढंच म्हणाले, आणि पुढचं सांगायच्या आत दहाही बोटं हलली.